पाठमोऱ्या मिस्त्रीचे कान

अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णेचा पूल उतरला की लागणाऱ्या चौकात अब्दुल गफ्फार मिस्त्रीची टपरी होती. तीस वर्षं त्यानं तिथं मोटारसायकली दुरुस्त केल्या आणि तीसही वर्षं चौकाकडे पाठ करून. कुणी विचारलं तर म्हणे, डोळ्यांना काम दिलं की कान आळशी होतात. म्हातारा फेकतो, असं लोकांना वाटायचं.

सत्यभामालाही तसंच वाटे. ती वाहतूक पोलिसात शिपाई. चौकात नवा सिग्नल बसला आणि त्याची राखण तिच्या गळ्यात पडली. राखण कसली, रोजचा तमाशा. लाल दिवा लागला की रिक्षा थांबत, बस थांबे, आणि मोटारसायकलवाले मात्र बापाचा रस्ता असल्यासारखे निघून जात. शिट्टी फुंकून तिचे गाल दुखत. एका सकाळी टपरीवर चहा घेताना तिनं मिस्त्रीपुढे सगळ्यांचा उद्धार केला. नुसती मस्ती आहे, म्हणाली.

मिस्त्री प्लग घासत होता. मान न वळवता तो म्हणाला, की आता येतोय तो थांबणार नाही. तो थांबला नाही. त्याच्या मागचा थांबेल म्हणाला, तो थांबला. सत्यभामा बोटांवर मोजू लागली. दहा गाड्या झाल्या आणि दहाही वेळा म्हातारा सोळा आणे खरा ठरला. तिच्या अंगावर काटा आला. चहा निवून गेला होता.

सगळा खेळ ॲक्सिलरेटरच्या मुठीचा आहे, इंजिनाच्या आवाजात तो ऐकू येतो, त्यानं सांगितलं. थांबणारा लांबूनच मूठ ढिली करतो, जाणारा आवळतो.

"लाल बत्ती तोडनारे सगळे घाईत नसतात, बेटा," तो म्हणाला. "अर्ध्यांले थांबाचं भेव असते. बंद पडली त चालू होईन का? बायको-लेकरासंग चौकात धक्का माराव लागन, मांगचे हॉर्न देतीन. मंग थांबतीन काहून?"

कापसानं लागोपाठ दोन सालं दगा दिला होता. गावागावांतल्या गाड्या दुरुस्तीवाचून तशाच पळत होत्या. हे सत्यभामाला ठाऊक होतं, पण लाल दिव्याशी त्याची सांगड तिनं कधी घातली नव्हती.

अकरावी गाडी आली. "हा थांबते," मिस्त्री म्हणाला, "मशीन ठनठनीत हाय."

गाडी लाल दिव्यातून सरळ गेली. आडव्या आलेल्या ट्रकनं करकचून ब्रेक दाबला, टीचभर अंतर राहिलं. मागे मेथीची दोन पोती, डोक्याला उपरणं. सत्यभामाच्या हातून कप पडला. तो तिचा बाप होता, पुंजाराम, बाळापूरकडच्या खेड्यातला. एरवी तो सिग्नल सुरू व्हायच्या आत बाजारात पोचे, त्या दिवशी उशीर झाला होता.

आणि मग जुन्या शहरानं तीस वर्षांत न पाहिलेली गोष्ट घडली. मिस्त्रीनं बूड उचलून आपला बसायचा पाट फिरवला आणि चौकाकडे तोंड केलं.

"मूठ ढिली झालती," तो स्वतःशीच बोलावं तसं म्हणाला. "मंग आवळली. भेव मशीनले नाई. मानसाले हाय."

दोघं बाजारात गेले. हमाल पोती उतरवत होता आणि पुंजाराम गाडीवरच बसून होता, इंजिन चालू. मिस्त्रीनं रामराम केला आणि हात घालून किल्ली फिरवली. गाडी बंद पडली. पुंजारामचा चेहरा उतरला आणि त्याचा हात नकळत उजव्या गुडघ्यावर गेला.

मग सगळं बाहेर आलं. बैलजोडी विकल्यावर नांगरटीचं, ओझ्याचं सगळं अंगावर आलं आणि गुडघा गेला. किक बसत नव्हती. रोज पहाटे अंगणात सत्यभामाची आई, वच्छला, नऊवारीचा काचा मारून किक मारी. तिथून घरी परत येईपर्यंत तो इंजिन बंद होऊ देत नसे. बाजारातही नाही, सिग्नललाही नाही.

"मले काहून नाई सांगतलं, बाबा?" सत्यभामाचा आवाज फुटला.

"तू म्हनली असती, गाडी इका, घरी बसा," पुंजाराम खाली बघत म्हणाला. "एकदा बसलो त मी उठत नसतो, बाई."

तिला रडू आलं. कारण ती नेमकं तेच म्हणणार होती.

मिस्त्री कामाला लागला. गाडी टपरीवर नेली, किकचा दांडा वीतभर वाढवून वेल्डिंग केला, टोकाला मूठ बसवली. मग इंजिन उघडून दुपारपर्यंत कसलंसं जुळवत बसला, कान लावून. शेवटी त्यानं वाकून दांडा हातानं दाबला. पायानं नाही, हातानं. गाडी सुरू झाली. सत्यभामानं तोंडात बोट घातलं. पुंजाराम मात्र नुसतं हं म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो मुद्दाम उशिरा निघाला असावा. सत्यभामा बाळापूरच्या रस्त्याकडे पाठ करून उभी होती. लाल दिवा लागला. मागून गाडीचा आवाज आला, आणि तिला तो ओळखू आला. वळून बघायला तिचा धीर होईना. मग तिला चक्क ऐकू आलं, मूठ ढिली झाली. ढिलीच राहिली.

गाडी थांबली. पुंजारामनं स्वतः किल्ली फिरवून ती बंद केली.

दिवा हिरवा झाला. मागचे हॉर्न देऊ लागले. त्यानं डावा पाय टेकवला, वाकला, दांडा दाबला. लागली नाही. सत्यभामाला धावत जावं असं वाटलं, पण ती जागची हलली नाही. त्यानं पुन्हा दाबला.

गाडी तिच्या शेजारून मेथीचा वास सोडत निघून गेली. टपरीत मिस्त्री चौकाकडे पाठ करून बसला होता आणि त्याच्या हातातला पाना अजून वरच थांबलेला होता.