वाटी रिकामी परत आली

परीक्षकबाईंनी माझी मुंगवडी चिमटीत धरली, दिव्यासमोर फिरवली आणि माईकमध्ये विचारलं, "पहिला माल कुठं विकला?"

मी खरं ते सांगितलं. "पयला माल इकला नाई जी. गल्लीत वानोळा देल्ला."

"म्हणजे फुकट वाटला?"

"हो जी."

"बाई, हा धंदा आहे. हळदी-कुंकू नाही."

वर्ध्याचं ते सभागृह खदाखदा हसलं. शेवटच्या रांगेत माझी आई बसली होती. सगळे हसले म्हणून तीही हसली. तिला वाटलं, पोरीचं काहीतरी कौतुकच झालं. तिचं ते हसू आठवलं की आजही माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

गोष्ट दोन हजार सालानंतरची. घरोघरी केबल आली होती आणि टीव्हीवर स्पर्धांचं पीक माजलं होतं. आमच्याकडच्या केबलवाल्यांनाही हुक्की आली. खाण्याच्या वस्तूंचा नवा धंदा काढणाऱ्यांची स्पर्धा. सगळ्यांना सारखंच भांडवल, सगळ्यांना एकच महिना. जो जिंकेल त्याला डाळ वाटायची मशीन.

ती मशीन मला हवी होती. दुसरं काही नको होतं. आम्ही सिंदी मेघ्याला राहायचो. आई एका शेठच्या घरी भांडी घासायची आणि घरी आली की वड्यांसाठी पाट्यावर मुगाची डाळ वाटायची. वाटून वाटून तिच्या बोटांची सालं निघालेली असत. त्याच बोटांना दुसऱ्या दिवशी भांड्यांची राख लागायची. रात्री ती बोटं तेलात बुडवून बसायची आणि मी दुसरीकडे बघायची. म्हणून मी नाव दिलं.

आता वानोळ्याचं. घरात नवीन काही झालं की पहिली वाटी शेजारी जाते. विकण्याच्या आधी. शेतातली पहिली भाजी असो की उन्हाळ्यात खाटेवर वाळवलेल्या मुंगवड्या. आणि ती वाटी कुणी रिकामी परत करत नाही. काही नसलं तर चिमूटभर साखर घालतील, पण रिकामी नाही. माझ्या वाट्या परत आल्या तेव्हा एकीत जवसाची चटणी होती, एकीत बोरं होती. आणि पाठोपाठ बाया आल्या. एकीला माहेरी पाठवायला वड्या हव्या होत्या, एकीला नणंदेकडे. महिनाभर माझा पाटा थांबला नाही. हे सगळं त्या बाईंना सांगायचं होतं. पण हशा थांबायच्या आधीच त्यांनी पुढचं नाव पुकारलं.

माझ्यानंतर शेठचा मुलगा आला. हो, तोच शेठ. ज्याच्या घरी आई भांडी घासायची. शेठचा नमकीनचा कारखाना, भर बाजारात दुकान. मुलानं त्याच कारखान्यात नव्या चवीचं नमकीन काढलं, बापाच्या दुकानात मांडलं, बापाच्या गाडीनं पार अल्लीपूर-वडनेरपर्यंत पाठवलं. गाडी भरायला बापाचीच माणसं. आणि भांडवल म्हणे सगळ्यांना सारखं!

त्यानं सांगितलं, सुरुवातीला मी पाकिटं फुकट वाटली.

बाईंचा चेहरा खुलला. "याला म्हणतात सॅम्पलिंग. टाळ्या वाजवा."

टाळ्या पडल्या. मी बाजूलाच उभी होते. त्यानं फुकट दिलं तर डोकं. मी फुकट दिलं तर अडाणीपणा. वस्तू तीच, रीत तीच. फक्त हात वेगळा. ज्याच्या हाती ससा तो पारधी म्हणतात. इथं ससा बापानं आधीच पकडून दिला होता.

मशीन त्याला मिळाली. बापाच्या कारखान्यात तशा मशिनी आधीच घरघरत होत्या. मला उत्तेजनार्थ म्हणून स्टीलचा डबा दिला. फोटोसाठी दोघांना शेजारी उभं केलं. तेव्हा त्यानं हसत माईक घेतला. वाईट बोलायचं म्हणून नाही, अगदी दिलदारपणे बोलला. "ताई, आमच्याकडे कामाला या. मशीन तिथंच आहे. तुमच्या आईला घर माहीतच आहे."

पुन्हा टाळ्या. सगळ्यात मोठ्या.

निवेदकानं माईक माझ्यापुढे धरला. म्हणाला, ताई, आभाराचे दोन शब्द. तिथं माझ्यात काहीतरी ताठ उभं राहिलं. जीभ सुटली.

"आभार कायचे? याच्या बापाची गाडी, बापाचं दुकान, बापाची माणसं काढून घ्या. मंग सांगा, यानं महिनाभरात काय केलं?"

बाई म्हणाल्या, "श्रीमंत घरात जन्मला हा त्याचा गुन्हा आहे का?"

"गुन्हा नाई जी. पण कर्तबगारीबी नाई."

माईक बंद झाला. मी डबा तिथंच ठेवला आणि परीक्षकांच्या टेबलावरची माझी वाटी उचलली. तळलेल्या वड्या भरून ठेवलेली वाटी. आत एक वडी शिल्लक नव्हती. हसता हसता सगळ्या खाल्ल्या होत्या. वाटी रिकामी परत केली, तीही सणासारखे कपडे घालून बसलेल्या लोकांनी.

बाहेर आल्यावर आई चिडली. "डबा तं आनाचा होता. अन् आता माहं काम जाईन, तुले समजते का?"

काम गेलंच. दुसऱ्या दिवशी शेठाणीनं दारातूनच परत पाठवलं. आईनं दुसरी घरं धरली. तिची बोटं तशीच राहिली आणि माझ्याशी ती कितीतरी दिवस नीट बोलली नाही. मी बोलले त्याची किंमत तिनं मोजली. याची चीड मला त्या हशापेक्षा जास्त आहे. माफी मात्र मी मागितली नाही.

पुढच्या वर्षी केबलवाला आमच्या गल्लीत आला. त्याला स्पर्धेसाठी गरजू महिला हव्या होत्या. त्या असल्या की कार्यक्रमाला रंगत येते म्हणाला. तेव्हा मला लख्ख कळलं. श्रीमंताचा मुलगा एकटाच पळाला तर त्याला कोणी शर्यत म्हणत नाही. हरायला आम्ही लागतो. आम्ही शेजारी उभ्या राहिलो की त्याच्या बापाची गाडी दिसेनाशी होते आणि नुसती हुशारी दिसते.

नाव देऊ नका, हे सांगायला मी गल्लीतल्या प्रत्येक दारात गेले. वानोळा द्यायला जाते तशीच. त्या वर्षी आमच्या गल्लीतून एकही नाव गेलं नाही. त्यानंतरही नाही.

जिंका तुम्ही. खुशाल जिंका. हरायला आम्ही येणार नाही.