लाइन येईपर्यंत

उके मॅडम कुणाच्याही घरी गेल्या की आधी इन्व्हर्टरला हात लावून बघायच्या, मग चहा. यजमान ओशाळायचे, मॅडमना त्याचं काही नसे. "तापून राहिला ना, म्हणजे बॅटरी फुकट जाऊन राहिली," म्हणायच्या.

गोंदियाच्या कॉलेजात आम्ही दोघं पॉवर इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचो. मी पोटासाठी, त्या जीव लावून. इन्व्हर्टरमधला स्विच सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतो. त्याच्यावर व्होल्टेज असतानाच तो चालू केला, तर दर वेळी थोडी वीज उष्णता होऊन जाते. व्होल्टेज शून्यावर येऊ द्यायचं आणि मगच चालू करायचा, हे सॉफ्ट स्विचिंग. "काऊन घाई करून राहिले? उतरू द्या ना त्याले," असं त्या वर्गात सांगायच्या, जणू स्विच म्हणजे घरातलाच कुणी तापट माणूस.

त्यांचा जीव अडकला होता कामठ्यात. तिथे त्यांचे बाबा ऑक्सिजनच्या मशीनवर होते. उन्हाळ्यात लाइन गेली की बाजारातला इन्व्हर्टर मध्येच मान टाकायचा. बाबा उठून बसत, दाराकडे बघत श्वास ओढत. सिलिंडर येईपर्यंत मॅडमचा जीव थाऱ्यावर नसे.

म्हणून त्यांनी स्वतः इन्व्हर्टर बांधला. लॅबमध्ये बल्बांची रांग लावून तपासला, तर थंडगार. मी पेढेसुद्धा मागितले. कामठ्याला नेऊन मशीन जोडलं आणि तो तापायला लागला. बल्बांचा भार मोठा होता, मशीनचा लहान. व्होल्टेज उतरवतो तो करंटच; लहान भाराला तो थोडा, त्यामुळे व्होल्टेज पूर्ण उतरायच्या आतच स्विच चालू होत होता. हे तर आम्ही दरवर्षी फळ्यावर लिहायचो! मॅडम भिंतीला टेकून बसल्या आणि रडल्या.

"काऊन रडून राहिली वो माय?" बाबा खाटेवरून म्हणाले. "आज नाही झाला, उद्या होईन."

थोड्या करंटलाही व्होल्टेज उतरावं म्हणून मॅडमनी मोठी कॉइल गुंडाळली, स्विच आणखी जरा थांबेल असं केलं. पुढे लाइन गेली तेव्हा मी तिथेच होतो. इन्व्हर्टर नुसता कोमट. बाबा थोडा वेळ दाराकडे बघत बसले, मग आडवे झाले. लाइन आली तेव्हा ते घोरत होते. मी काही बोलणार, तोच मॅडमनी तोंडावर बोट ठेवलं.

बाबा हिवाळ्यात गेले. तेव्हाही लाइन गेलेली होती, मशीन मात्र चालूच होतं. मी भेटायला गेलो. मॅडमच्या डोळ्यांतलं पाणी खळत नव्हतं.

"सर, बाबा आपल्या वेळेवर गेले," त्या म्हणाल्या. "लाइनच्या वेळेवर नाही."