आत्याबाईंच्या पदरातली गोगलगाय

गोगलगाय दिसली की उचलायची आणि मिठाच्या पाण्यात टाकायची, हे आमच्या मेहकरकडच्या बायकांच्या हाताला सांगावं लागत नाही. सोयाबीनचे कोंब फस्त करते मेली. सकाळी उठून आम्ही त्या वेचतो, आणि त्यात माझी सासू, आत्याबाई, सगळ्यांच्या पुढे. मग दिवाळीनंतर त्यांना पहिल्यांदा कोकणात नेलं, तर समुद्रापाशी जाऊन त्यांनी काय पाहावं? गोगलगायच.

ओहोटी होती. खडकातल्या डबक्यात वाकून त्यांनी बोटभर लांबीचा शंख काढला. एका टोकाला रुंद, दुसऱ्याला निमुळता, तोंड म्हणजे नुसती उभी चीर. पांढऱ्यावर तपकिरी जाळी इतकी देखणी की अशा काठाची साडी कुठं मिळेल, हेच माझ्या मनात आलं. आत्याबाईंना भलतंच नवल.

"माय वं, हे तं मिठाच्या पाण्यात जित्ती हाय!"

गावातल्या बायकांना दाखवायचीच म्हणून त्यांनी ती पदराच्या टोकात बांधली, गाठ करकचून आवळली आणि कमरेला खोचली.

आम्ही जिच्या घरी उतरलो होतो ती कोळीण मागून येत होती. मी मोठ्या हौसेनं तिला शंखाचं वर्णन करून सांगितलं, आणि तिचा चेहराच उतरला. ही दिवसा वाळूत, खडकाखाली दडते म्हणाली, अंधार पडला की शिकारीला निघते. हिच्या जातीतली कुणी किडे खाते, कुणी दुसऱ्या शंखांतले जीव, कुणी चक्क मासे. सोंडेतून विषाची सुई मारते, मासा जागीच गार. कापडातूनही टोचते, आणि एखादीच्या विषानं माणूससुद्धा जातो.

मी वळून आत्याबाईंच्या कमरेकडे पाहिलं. गाठ त्यांच्या बेंबीशी, आणि दवाखाना कुठं आहे ते देव जाणे.

"हलू नका, आत्याबाई," मी म्हटलं.

कोळणीनं गाठीच्या वरचं कापड चिमटीत धरून टोक अलगद उपसलं आणि हात लांब केला. साडीच फेडायची म्हणून मी निऱ्या ओढल्या. आत्याबाई गरगर फिरल्या, मी त्यांच्याभोवती फिरले, कोळीण आमच्याभोवती. तिघी खडकावर फुगडीच घालत होतो म्हणा ना. साडी सुटली. कोळणीनं गाठ डबक्यात बुडवून काडीनं सोडवली, तशी ती बया सावकाश वाळूत शिरली.

आत्याबाईंना ओरखडासुद्धा नव्हता. मी एकाच वेळी रडत होते आणि हसत होते, थांबताच येईना. पंधरा वर्षांत ज्यांच्या डोक्यावरचा पदर ढळलेला पाहिला नाही, त्या झंपर-परकरात उभ्या होत्या. मी घाईघाईनं साडी झटकून पुढे केली.

त्यांनी घेतली नाही. दोन्ही हात पसरून गुडघाभर पाण्यात गेल्या, खिदळत.

"थांब वं जराशी," त्या म्हणाल्या. "जलमात इतकी हवा कधी लागलीच नाही मले."