आमच्यात पाळणा चालत नाही

ऐका हो ऐका. तमाम भाऊबंद, सोयरेधायरे, लेकीबाळी आणि फक्त पंगतीला दिसणारे लांबचे पाहुणे, या सर्वांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की आमच्या कुळाचे मूळ सापडले आहे. ते शोधताना माझी कंबर हरवली. तिचा शोध अद्याप चालू आहे.

प्रकरण पाळण्यावरून सुरू झालं. कोणाच्या घरात कुरडया चालत नाहीत, कोणाच्यात काळी साडी चालत नाही, तसा आमच्यात पाळणा चालत नाही. आमची सगळी पोरं झोळीत वाढली. बारशाला बाळ सुपात ठेवायचं आणि कानात नाव सांगायचं. कारण वडिलांकडे तयार असे. पूर्वज मोठे सरदार, वाड्यात चांदीचा पाळणा, पाळण्यात नाग निघाला, आणि देवीने कौल दिला की या कुळात पुन्हा पाळणा हलायचा नाही. घरात कुणाची हळद असली की ही गोष्ट सांगायचं काम माझं. नाग निघाला की मी दोन्ही हातांचा फणा काढायचो. म्हाताऱ्या बायका पदर तोंडाला लावायच्या.

यंदा सुनेला मुलगी झाली. ती तिसगावला माहेरी होती. तिच्या वडिलांनी नातीसाठी सागवानी पाळणा करून घेतला, वर लाकडी राघू बसवले. लेक बाळाला घेऊन सासरी निघाली की पाळणा तिच्याबरोबर जायचा, ही त्यांच्याकडची रीत. माझ्या वडिलांनी फोनवर सांगून टाकलं, "पाळना आपल्या दारात यायचा न्हाई."

सून शांतपणे म्हणाली, "मग आम्हीपण येत नाही, आजोबा. आम्ही दोघी इथंच बऱ्या."

मुलगा सुप्याला कंपनीत. ड्युटी करून यायचा आणि दोन्हीकडची बोलणी खायचा. आठवडे असेच गेले. नातीचं तोंड मी मोबाईलवर बघत होतो, आणि सून मोबाईल असा धरायची की नात अर्धी आणि राघू पूर्ण दिसावेत.

शेवटी वडील नरमले, पण ऐटीत. "मूळ गावाला जाऊन इचारू. देवीनं सोडलं तर सोडलं."

मूळ गाव कोणतं, ते मात्र त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांचे आजोबा कर्जतच्या खालून, भीमेच्या अंगाने आले, एवढंच. तेव्हा मी गाडी काढली. ऊन, पुढे उसाच्या ट्रॉल्या, आणि दर फाट्यावर वडिलांना उतरायचं असे. गावात शिरायचं, आमच्या आडनावाचं घर गाठायचं, चहा प्यायचा आणि विचारायचं, "तुमच्यात पाळणा चालतो का?" चालतो म्हणाले की ते आमचे नव्हेत. पुढचं गाव. एका बाईला आम्ही कुटुंबनियोजनवाले वाटलो. "आमचा पाळना कवाच थांबलाय," असं सांगून तिने दार लोटलं. पुढे पुढे मी माझा चहा वडिलांकडे सरकवू लागलो.

ऊन उतरताना एका गावाच्या कडेच्या घरात एक म्हातारी चिंचा फोडत बसलेली भेटली. वडिलांनी आपल्या आजोबांचं नाव सांगितलं. तिने हातातला दगड खाली ठेवला.

"त्यांचे नातू का तुमी? मंग माजे दीर लागता की. भावजी, इतकी वर्सं कुटं हुता? म्हातारी मरू द्या म्हनलं व्हय?"

वडील ओट्यावर टेकले, टोपी सारखी केली. "वैनी, आपला वाडा कुटं हुता?"

"कुनाचा वाडा?"

"आपला. सरदारांचा."

"कसले सरदार. गुळवे हुते." मग ती सासूकडून ऐकलेलं सांगत गेली. हंगाम लागला की बायकापोरांसकट या गुऱ्हाळावरून त्या गुऱ्हाळावर. कढईतला रस कधी उतरवायचा हे यांनी सांगायचं. राहायला चुलवणाशेजारी उसाच्या पाचटाची कोपी. हंगाम सरला की दुसऱ्याच्या रानात मजुरी. "हात भाजल्याले असायचे समद्यांचे. पोरं कढई चाटून वाढली."

माझा सरदार गेला होता. निदान नाग वाचतो का बघावं म्हणून मी विचारलं, "आजी, आणि पाळण्यातला नाग?"

"पाचाटात साप निघायचेच. त्याला देवी कशाला लागती?"

"मग पाळणा का चालत नाही?"

तिने माझ्याकडे जरा कीव करून पाहिलं. "टांगायचा कशाला? कोपीला वर लाकडाचं आडं असतं व्हय? बैलगाडीच्या खाली झोळी बांदायची न् पोर त्यात टाकायचं. कुनी इचारलं, पाळना का न्हाई गं, तर बाया म्हनायच्या, आमच्यात चालत न्हाई. घर न्हाई म्हून कोन सांगतंय?"

ती पुन्हा चिंचा फोडू लागली, एक वडिलांच्या हातात दिली. "तुमी जलमला तवा घर हुतं का, भावजी?"

"हुतं," वडील म्हणाले. "आडं सागाचं हुतं."

मी तिथूनच सुनेला फोन लावला. भाषण जमलं नाही. "पाळणा घेऊन ये," एवढंच म्हणालो. ती म्हणाली, "आजोबा हो म्हणाले का?" मी मोबाईल वडिलांपुढे धरला. ते ओट्यावर पोक काढून बसले होते, बोटांना चिंच चिकटलेली. पलीकडून सून दोनदा "आजोबा" म्हणाली. त्यांनी मोबाईलकडे पाहिलं नाही. माझ्याकडेही नाही.

"म्हंजे मलाबी पाळन्यात घालता आलं असतं."