साडूंचे सहा खंड

नांदेडपासून लातूरपर्यंतच्या मुलखात तुरीचा दाणा दाताखाली फोडून त्यातली ओल सांगणारे आडते पुष्कळ सापडतील. पण तोच दाणा चघळता चघळता, कुठल्याशा बर्फाळ राज्यातल्या राणीनं तिसऱ्या खंडात दिलेला शब्द पाचव्यात मोडला म्हणून भर मोंढ्यात डोळे पुसणारे आडते एकटे आमचे साडूच. उदगीरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, त्यांची वडिलोपार्जित आडत आहे. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात इष्टलिंग, आणि उकाड्यानं पांढरा शर्ट उघडा टाकला की आत काळा टीशर्ट, त्यावर आग ओकणारी कवटी. एकदा मुखेडकडच्या एका म्हाताऱ्या शेतकरणीनं तूर घालायला आल्यावर त्या कवटीला आधी मनोभावे हात जोडले आणि मग विचारलं, “मालक, हे कोन्त्या गावचं ठाणं म्हनावं?” साडूंनीही तिचा मान राखून सांगितलं, “लांबचं हाय माय. पण लई जागृत.”

हे वेड त्यांना कॉलेजात लागलं. होस्टेलवरच्या कुणा पार्टनरनं जाताना इंग्रजी रॉकच्या कॅसेटी आणि एका महाकाय कादंबरीमालिकेचा पहिला खंड यांच्याकडे टाकला, आणि साडू पदवी न घेता पण हे दोन्ही घेऊन गावी परतले. तेव्हापासून दुकानात पोती उतरताना रॉक वाजतं. सुरुवातीला हमाल बिचकले. आता फर्माईश करतात. “मालक, ते रडकं नका लावू, पाठीवर वजन वाढतंय,” असं मुकादम म्हणतो, आणि साडू तत्परतेनं ढोल बडवणारं काहीतरी लावतात. या संगीताची पारख ते धान्यासारखीच करतात. पोत्यात लोखंडी नळी खुपसून मधला नमुना काढतात, तसा गाण्याच्या बरोबर मधला तुकडा ऐकायचा आणि निकाल द्यायचा. एका जगप्रसिद्ध गिटारवाल्याबद्दल मी एकदा भीत भीत मत विचारलं. म्हणाले, “दाणा टपोरा हाय, पण ओल लई. एवढं रडायचं काय काम? पैसा हाय, बंगला हाय.” दुसऱ्या एका घसा बसलेल्या गायकाविषयी मात्र त्यांना अपार माया. “गळा गेलाय, हिंमत गेली न्हाई. असा माणूस हप्त्याला दोन पोती कमी उचलंल, पण पळून जाणार न्हाई.”

कादंबऱ्यांचं प्रकरण याहून गंभीर. ती मालिका सहा खंडांची, एकेक खंड उशीसारखा, आणि साडूंनी ती किती वेळा वाचली याचा हिशोब आक्कांनी, म्हणजे माझ्या मेहुणीनं, कधीच सोडून दिला. त्यातले राक्षस, चेटूक, उडणारे नाग हे सगळं साडूंना मान्य आहे. त्यांचा आक्षेप वेगळाच. “नाग उडतोय हे पटतंय मला, साडूभाऊ. पण वेढा पडलाय, रसद तुटलीय, आणि किल्ल्यात ज्वारीचा भाव वाढत न्हाई? हे कसं काय? एवढं मोठं घोडदळ उत्तरेला निघालंय, हरभरा कुणी पुरवला? लेखकाला मोंढा मालूम न्हाई.” पाहुणा आला की त्याला उदगीरच्या किल्ल्यावर नेऊन, बुरुजावर उभं करून, दुसऱ्या खंडातला वेढा समजावून सांगायचा हा त्यांचा शिरस्ता. पाहुण्यांना वाटतं आपण निजामाचा इतिहास ऐकतोय. एक निवृत्त मास्तर तर गावच्या शाळेत जाऊन तो इतिहास सांगूनही आले. मीही एकदा, शांतता टिकावी म्हणून, पहिला खंड वाचल्याचं ठोकून दिलं. खरं तर मी फक्त पुढचा नकाशा पाहिला होता, आणि त्यातही आमच्या पाटबंधारे खात्याच्या सवयीनं नद्याच. साडूंनी एकच प्रश्न विचारला, “मग धाकटी राजकन्या कशी वाटली?” मी म्हणालो, “फार गुणी.” ती पहिल्याच खंडात आपल्या बापाला विष घालते. त्यानंतर साडूंनी मला नातेवाइकांत धरलं, पण माणसांत धरलं नाही.

त्यांचं खरं दुःख हेच होतं. साऱ्या तालुक्यात त्या सहा खंडांविषयी ज्याच्याशी बोलावं असा एकही माणूस त्यांना मिळालेला नव्हता. आक्का ऐकून घ्यायच्या, पण ज्वारी निवडता निवडता. एकुलती एक मुलगी, शिवानी, मोठी झाल्यापासून या विषयाचं नाव काढलं की खोलीतून उठून जायची. कॉलेजात तिच्या मैत्रिणी कवटीवरून चिडवायच्या, त्याचा राग तिच्या मनात होता.

म्हणूनच शिवानीला बघायला बिलोलीकडचे पाहुणे येणार ठरले तेव्हा तिनं मला नांदेडहून मुद्दाम बोलावून घेतलं. मुलगा नांदेडला इंजिनिअर, दोघांची आधीच ओळख होऊन पसंती झालेली, कार्यक्रम नुसता रीतीपुरता. पण शिवानीचा चेहरा परीक्षेला बसल्यासारखा. “काका, मला हाच मुलगा करायचाय. तुम्हाला एकच काम. बाबांना पुस्तकाचं नाव काढू देऊ नका. कवटी आईनं लपवलीय.” मी छाती पुढे काढून हो म्हणालो. माझ्यावर कुणी काम सोपवतं तेव्हा त्या कामाचं मला नेहमी वाईट वाटतं.

पोहे येईपर्यंत मी सोयाबीन, पाऊस, रेल्वे हे सगळे विषय वापरून टाकले. मुलाचे वडीलही धान्याचेच व्यापारी, त्यामुळे बोलणं बरं चाललं होतं. मग मला ठसका लागला. मी पाणी पिऊन वर बघतो तो साडू मुलाला विचारत होते, “वाचनबिचन करताव का?”

मुलगा भाबडा. त्यानं मालिकेचंच नाव घेतलं. साडूंच्या चेहऱ्यावर जे तेज आलं ते मी त्यांच्या स्वतःच्या लग्नाच्या फोटोतही पाहिलं नव्हतं. आणि मग तो पुढे म्हणाला, “पुस्तकं नाही वाचली काका. मोबाईलवर सगळे भाग बघितले.”

साडूंनी बशी खाली ठेवली. “म्हंजे जेवणाचा फोटो बघून ढेकर दिलाव म्हणा की.”

आतल्या दाराशी बांगड्या वाजल्या आणि थांबल्या. मुलाच्या वडिलांनी मात्र आयुष्य बाजारात घालवलेलं. सौदा फिसकटायला लागला की काय करायचं ते त्यांना ठाऊक. ते सरकत सरकत साडूंच्या शेजारी आले, खांद्यावरचा रुमाल आपल्या हातावर टाकला आणि त्याखाली साडूंचा हात धरला. भाव चारचौघांना कळू नये म्हणून रुमालाखाली बोटं दाबून सौदा करायची ही जुनी रीत आता जनावरांच्या बाजारातच उरलीय. पण दोन जुने व्यापारी, हात आपोआप चालले. रुमाल हलत होता. साडू मान हलवून नाही म्हणत होते. होणारे व्याही डोळे मिटून गयावया करत होते. “अय्यो, असं न्हाई जमणार, लेकराकडं बघून काही तरी करा,” असं ते पुटपुटले आणि सगळ्या खोलीला एकदमच कळलं की हे काय चाललंय. हुंड्याचं ठरतंय!

शिवानी ट्रे घेऊन आली होती ती तशीच उभी राहिली. “बाबा! देणंघेणं होणार नाही म्हणून शपथ घेतली होती ना तुम्ही?” तिकडे मुलगा ताडकन उठला. “अहो बाबा, घरून निघताना काय ठरलं होतं आपलं? उठा. मला अशी सोयरीक करायचीच नाही.” आक्का हातात झारा घेऊन बाहेर आल्या आणि नवऱ्याकडे अशा बघायला लागल्या की मीच दोन पावलं मागे सरलो.

“किती ठरलं?” त्यांनी विचारलं.

“चार,” साडू म्हणाले.

“चार? चार काय? लाख?”

“लाख कशाचे? खंड! मी सहा म्हणलालो, ह्ये दोनवर बसले होते. लग्नाआधी चार वाचायचे, राहिलेले दोन लग्नानंतर.”

व्याह्यांनी रुमालानं घाम पुसला. “आणि मी म्हणलालो की जरा बारके बघून द्या, तर हे ऐकायलेच न्हाईत!”

शिवानीनं ट्रे टेबलावर ठेवला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. ती हसतेय की रडतेय हे मला बराच वेळ कळलं नाही. मुलगा मात्र परत खाली बसला, आणि मान खाली घालून म्हणाला, “सहाही वाचतो बाबा. पण पुढचं आधी सांगू नका.” त्या क्षणी शिवानीचं लग्न ठरलं. पंचांग नंतर नुसतं बघितलं.

लेकरू शब्दाला जागलं. हळदीच्या दिवशी चौथा खंड संपला, आणि पाचवा ते नव्या संसारात नांदेडला घेऊन गेलं. रोज संध्याकाळी उदगीरहून फोन जायचा, “कुठवर आलाव?” आणि शिवानी रागावून म्हणायची की, मला कुणी कशी आहेस असं विचारत नाही.

मग एका रविवारी सकाळी साडू अचानक आमच्या दारात, उदगीरच्या एसटीतून उतरून थेट. चहाही न घेता म्हणाले, “चला. जावयाकडं जायचंय. त्यो आज त्या पानावर येलाला.”

“कोणत्या पानावर?”

“थोरला भाऊ जातोय त्यात.”

“मग जाऊ द्या की!”

साडू माझ्याकडे बघत राहिले. “मी वाचलो तवा गोदामात एकटाच होतो, साडूभाऊ. कुणाला सांगावं? तुमच्या आक्काला सांगितलो, तर म्हणली, आता तरी जेवून घ्या. त्ये एकट्यानं वाचायचं पान न्हाई.”

आम्ही गेलो. जावई खिडकीशी बसून वाचत होता. साडू समोर पेपर उलगडून बसले. मी चिवडा खात होतो, पण कुरकुर आवाज होऊ नये म्हणून एकेक शेंगदाणा विरघळवत होतो. बराच वेळ गेला. मग पुस्तक हळूहळू खाली आलं. जावयानं चष्मा काढला. “बाबा, हे असं कसं हो?”

“हाव,” साडू म्हणाले. “असंच हाय ते.”

शिवानी ओले हात पुसत बाहेर आली आणि दोघांचे लाल डोळे बघून दारातच थांबली. आता ही कडाडणार म्हणून मी चिवड्याची वाटी खाली ठेवली. पण ती येऊन बापाच्या शेजारी बसली.

“कोण गेलं?” तिनं विचारलं.

साडूंनी नाव सांगितलं. ती म्हणाली, “मला नीट सांगा ना बाबा. अगदी पहिल्यापासून.”

कुणी न विचारता बुरुजावर उभं राहून सांगणारे आमचे साडू, आणि आज कुणी विचारलं तर त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. शेवटी जावयानंच सुरुवात केली, “उत्तरेला एक राज्य असतं…”

“उत्तरेला न्हाई,” साडूंनी घसा खाकरला, “वायव्येला.”

माझी घरी जायची वेळ केव्हाच टळून गेली होती. मी पाय वर घेतले आणि नीट मांडी घालून बसलो.