चिमूटभर चांदी आणि सोलापूरचं ऊन

एप्रिलमध्ये सोलापूरला कुणी हौसेनं जातं का? मीही गेले नसते. पण मावसबहीण मीनलचा फोन आला आणि दुसऱ्या दिवशी मी पुण्याहून सकाळची गाडी पकडली. "ताई, माझ्या हातानं मी सगळ्याचं वाटोळं केलं," एवढंच ती म्हणत होती.

तुम्ही जाणार असाल तर एसी डब्याचंच तिकीट काढा आणि स्टेशनबाहेर रिक्षाचं भाडं आधी ठरवून घ्या. माझा रिक्षावाला भारी बोलका होता. "कालेजात? आता तितं कोन हाय ताई? सुट्टी हाय की!"

त्या सुट्टीनंच घात केला होता. मीनल पीएचडीसाठी तांब्याचे अतिशय पातळ थर बनवते. त्यातले कण इतके बारीक, की केसाच्या जाडीत शेकडो ओळीनं मावतील. कण बारीक म्हणून तांबं कणखर. पण हे कण स्वस्थ बसत नाहीत, नुसत्या उन्हाळ्यातही एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि तांबं मऊ पडतं. म्हणून काही थरांत ती चिमूटभर चांदी घालते आणि मापं पूर्ण होईपर्यंत सगळे नमुने फ्रीजरमध्ये ठेवते.

आणि दुधनीला घरी जाताना या बाईनं लॅबचा मेन स्विच बंद केला!

"आई कायम सांगते, गावाला निघालीस की मेन बंद कर. हात आपोआप गेला गं," ती म्हणाली. परत येईपर्यंत नमुने उन्हाळ्यात शिजले होते. फेलोशिप संपत आलेली. मला येणारं हसू मी दाबलं.

आधी तिला जेवायला नेलं. कडक भाकरी, शेंगाचटणी, वर घट्ट दही. चटणीत दही घालायला लाजू नका, घसा वाचतो. संध्याकाळी नवी पेठेत भटकलो. एका बोळाच्या तोंडाशी एक मावशी लिंबांचा पसारा मांडून बसली होती आणि सगळी वाहतूक तिच्यापाशी अडली होती. मीनल पहिल्यांदा हसली.

"चांदीचा अणू असाच असतो बघ. तांब्याच्या अणूपेक्षा मोठा, आत नीट बसत न्हाय. मग दोन कणांच्या सीमेवर ठाण मांडतो. सीमा सरकली न्हाय की कण वाढत न्हाईत." मग तिचा आवाज उतरला. "निदान मी तसं मानून चाललेय. पण एवढ्या उन्हात?"

दुसऱ्या दिवशी तिचे सर आले. शांत माणूस. "फेकण्याआधी मोजून तरी बघू," म्हणाले. यंत्रात हिऱ्याचं सूक्ष्म टोक थरावर दाबतात आणि ते किती रुतलं ते पडद्यावरची रेघ दाखवते. शुद्ध तांब्यात टोक लोण्यात रुतावं तसं रुतलं. मीनलनं डोळे मिटले. मग चांदीवाला थर ठेवला. रेघ लवकरच थांबली, सुट्टीआधीच्या मापाला थांबली होती तिथंच.

"पुन्हा," सर म्हणाले. पुन्हा तेच.

मी टाळ्या वाजवणार तेवढ्यात त्यांनी हात वर केला. "अपघात म्हणजे पुरावा नव्हे. नवे थर करा. निम्मे फ्रीजरमध्ये, निम्मे मुद्दाम बाहेर. मुदतवाढीसाठी मी बोलतो." अशी माणसं पाहिली की शिकणाऱ्यांचा हेवा वाटतो.

मी दोन चादरी आणि चटणीचं पाकीट घेऊन पुण्याला परतले. चटणी कधीच संपली. डोळ्यांनी न दिसणारे ते हट्टी अणू मात्र डोक्यातून जात नाहीत. कुणी सोलापुरात काय पाहिलंस विचारलं की मी त्यांचीच गोष्ट सांगते, आणि समोरचा बिचारा सिद्धेश्वराच्या तळ्याची वाट बघत राहतो.

परवा मीनलचा फोन आला.

"ताई, चांदीवाले नवे थर मुद्दाम बाहेर ठेवले होते. भर उन्हात," ती म्हणाली. "टिकलेत."

मी ऑफिसातच रडले.