होके म्हणजे हो नव्हे

टामलाला सहा भाषा येतात आणि सहाही भाषांत तिला राग येतो. तिच्याएवढी भांडकुदळ बाई मोई नदीच्या या थायलंडच्या काठावर दुसरी नाही, आणि हे मी तिची नालस्ती म्हणून सांगत नाही. सत्तावीस वर्षं मी इथल्या एका सरकारी रुग्णालयात नर्स आहे. गोड बोलणाऱ्यांनी इथे लोकांचं जेवढं वाटोळं केलंय, तेवढं टामलाच्या शिव्यांनी कधीच केलं नाही.

ती करेन जमातीची. नदीपल्याड, बर्माच्या डोंगरातली. पूर्ण नाव नॉ टामला. आम्ही सगळ्या थाय नर्सा तिला मावशी म्हणतो आणि ती मला पुई म्हणते. ते माझं घरचं नाव, लहानपणी मी गुबगुबीत होते म्हणून पडलेलं. माझा थाटामाटाचा, सरकारी कागदावरचा नाव-आडनावाचा पट्टा वाचायच्या भानगडीत ती कधी पडली नाही.

तिच्या भाषांची मला एकेकाळी फार असूया वाटायची. मी इंग्रजीच्या शिकवणीत तीन वर्षं पैसे घातले आणि अजून परदेशी माणूस समोर आला की मला घाम फुटतो. एकदा मी तिला विचारलं, "मावशी, तुला एवढ्या भाषा शिकवल्या कुणी?"

"शिकवल्या?" ती फिस्कन हसली. "लोक हुकूम सोडत गेले, मी शिकत गेले."

मग तिने बोटं मोजली. नऊ वर्षांची असताना गावात सैनिक आले, बर्मी भाषेतले तिचे पहिले तीन शब्द 'उचल', 'चाल' आणि 'गप्प'. तांदळाचं पोतं पाठीवर घेऊन दोन दिवस चालल्यावर चौथा शब्द शिकली, 'पाणी', पण तो उपयोगी पडला नाही. चिनी भाषा एका खानावळीत भांडी घासताना आली, सुरुवात 'लवकर'पासून. इंग्रजी निर्वासितांच्या छावणीत. तिथे पहिला शब्द 'थांबा', आणि त्या एका शब्दावर तिने अकरा वर्षं काढली. थाय भाषा रस्त्यावरच्या पोलिसाने दिली, "कार्ड कुठाय?" स्वतःची स्गॉ करेन आईच्या दुधातून आलेली. उरली दुसरी करेन, प्वो. ती सासूची.

"आणि सासूचा पहिला शब्द?"

"मीठ जास्त झालंय."

मी पोट धरून हसले. ती नाही हसली. "हस तू. पण मला कुठल्याच भाषेत आधी कुणी 'तुला काय हवंय' असं विचारलं नाही. हे वाक्य मला सहाही भाषांत स्वतःलाच जुळवावं लागलं."

तेच वाक्य घेऊन ती आमच्याकडे नोकरीला लागली. दुभाषी म्हणून. आमच्याकडे येणाऱ्यांत निम्म्याहून जास्त बायका नदीपलीकडच्या, त्यामुळे दुभाष्याशिवाय आमचं पान हलत नाही. टामलाच्या खायच्या पानाचं मात्र वेगळंच प्रकरण होतं. गालात पान ठेवून थाय बोललं की सूर चुकतात आणि सूर चुकला की अर्थ फिरतो, म्हणून दुभाष्याचं काम करायच्या आधी ती खिशातला पत्र्याचा डबा काढायची, पान त्यात थुंकायची, तोंड पुसायची आणि मग बोलायची. डबा बंद झाल्याचा 'टक्' आवाज आला की समजायचं, आता मावशी कामाचं बोलणार. पान तोंडात असताना ती जे बोलेल त्याला फारसा अर्थ नसायचा. हे तिनेच मला सांगून ठेवलं होतं.

तिची पद्धत डॉक्टरांच्या डोक्यात जायची. डॉक्टर विचारणार, "दुखतंय का?" टामला बाईजवळ बसणार, काय जेवलीस, कुठल्या गावची, कुणाची लेक, पोरं कुणापाशी ठेवलीस, असं सगळं विचारणार, आणि मग दुखण्याचं. बाईने मान डोलावली तरी हिचं समाधान नाही. "मी आत्ता काय म्हटलं ते तुझ्या तोंडाने मला सांग," असं म्हणणार. बाई सांगेपर्यंत हलायची नाही.

"दोन शब्दांचा प्रश्न असतो, तू पुराण लावतेस," आमच्या बाळंतपण विभागाचे प्रमुख डॉक्टर प्राचक तिला म्हणायचे.

"दोन शब्दांचं उत्तर हवं असेल तर पोपट पाळा," असं ती त्यांना चिनीत सांगायची. त्यांना चिनी येत नाही.

यंदा पावसाळ्याच्या तोंडावर वरून फर्मान आलं की दुभाष्याकडे प्रमाणपत्र हवं आणि प्रमाणपत्रासाठी शाळेचा दाखला हवा. टामला दोन वर्षं शाळेत गेलेली, ती शाळाही जळाली. दाखला कुठून आणणार? नदीच्या तळातून? तिला धुलाई विभागात टाकलं, चादरींच्या घड्या घालायला. तिच्या जागी थनवत आला. बत्तीस वर्षांचा, इस्त्रीचा शर्ट, राजधानीतून बर्मी शिकून आलेला, छातीवर प्रमाणपत्राचा बिल्ला. माणूस वाईट नव्हता, पण त्याला एकच परकी भाषा येत होती आणि करेन म्हणजे बर्मीचीच गावठी बोली असावी असं त्याला वाटत होतं.

आता 'होके'बद्दल सांगते. आमच्या रुग्णालयात सगळ्यांना, अगदी झाडूवाल्यापासून प्राचकांपर्यंत, बर्मी भाषेतला हा एक शब्द येतो. होके म्हणजे हो. निदान आम्ही तसं धरून चाललो होतो. नदीपलीकडची बाई मोठ्या माणसासमोर बसली की दर वाक्याला होके म्हणते. ते ऐकायला बरं वाटतं. काम भराभर उरकतं.

त्या मंगळवारी पॉटू नावाची करेन बाई बाळंतपणाला दाखल झाली. चोवीस वर्षांची. बाळ आडवं होतं, म्हणून बुधवारी सकाळी नऊला पोट उघडून काढायचं ठरलं. थनवतने तिला बर्मीतून सगळं समजावलं. फॉर्मवरच्या प्रत्येक ओळीला ती होके, होके करत होती. शेवटी त्याने विचारलं, पोट उघडणारच आहोत तर सोबत मूल बंद करण्याची शस्त्रक्रियाही करायची ना? "होके," पॉटू म्हणाली, आणि हसलीसुद्धा. थनवतने माझ्याकडे बघून मान हलवली. मी चौकटीत खूण केली आणि तिचा अंगठा उमटवून घेतला. ती खूण माझी. हे मी कुणावर ढकलणार नाही.

बुधवारी सकाळी आठला टामला चादरी बदलायला वॉर्डात आली. मी औषधांच्या टेबलापाशी होते. पॉटूची चादर ओढता ओढता दोघींचं करेनमध्ये काहीतरी चाललं होतं. मग एकदम डब्याचा टक् आवाज आला. गेल्या तीन महिन्यांत तो आवाज वॉर्डात ऐकू आला नव्हता.

"पुई! इकडे ये. हिचा कागद आण."

"मावशी, तुला आता कागद दाखवता येत नाही."

"मला वाचता येत नाही हे तुला ठाऊक आहे. तू वाच. हिला काय विचारलंत?"

मी वाचलं. तिचं तोंड काळवंडलं. तिने पॉटूला पुन्हा काहीतरी विचारलं, पॉटूने स्वतःच्या बेंबीवर बोट ठेवलं आणि दोन बोटांची कात्री करून दाखवली. ती अजून हसतच होती.

"ती म्हणते, बाळाची नाळ कापू का असं त्या साहेबांनी विचारलं," टामला म्हणाली. "म्हणते, मला नवलच वाटलं, हे काय विचारायचं? नाळ कापायलाच हवी. पण मोठी माणसं आहेत, विचारतायत, म्हणून होके म्हटलं."

बर्मीत त्या शस्त्रक्रियेला 'मुलाची शीर कापणं' म्हणतात. बाजारापुरती बर्मी येणाऱ्या डोंगरातल्या बाईने त्यातून नाळ समजून घेतली होती. कुठली आई नाही म्हणेल?

टामलाने चादरींची गाडी तिथेच सोडली आणि थेट प्राचकांच्या खोलीत घुसली. मी कागद घेऊन मागे. थनवत तिथेच कॉफी पीत होता.

"ही नऊची बाई," टामला थायमध्ये म्हणाली, "तिची फक्त बाळाची शस्त्रक्रिया करायची. दुसरी नाही. तिने हो म्हटलेलं नाही."

"म्हटलंय," थनवत म्हणाला. "मी स्वतः ऐकलं. होके म्हणाली. अकरा वेळा म्हणाली असेल."

"अरे बाबा, होके म्हणजे माझे कान शाबूत आहेत! होके म्हणजे तू मोठा, मी लहान, बोल तू. तुझ्या त्या शाळेत एवढंही सांगितलं नाही?"

"पुस्तकात होके म्हणजे हो असंच—"

"मग पुस्तकाला जाऊन बाळंत कर!"

प्राचकांनी टेबलावर हात आपटला. "आवाज खाली. टामला, जरा विचार कर. डोंगरातली गरीब बाई आहे. तिसरं बाळंतपण. पोट एकदा कापल्यावर पुढचं मूल धोक्याचं. हे तिच्या भल्याचंच नाही का?"

मला वाटलं, आता ही चिनीत शिव्या घालणार. पण तिने थायमध्येच बोलायचं ठरवलं होतं, सूर एकही न चुकवता.

"असेल. तेच तिला सांगा ना. धोका सांगा, मी तिला दहा वेळा समजावते. ऐकून ती हो म्हणाली तर मी स्वतः तिचा हात धरून आत नेते. पण तिचं भलं तुम्ही इथे कॉफी पिता पिता ठरवणार आणि तिला ते घरी गेल्यावर दोन वर्षांनी कळणार? पाळी येते, मूल राहत नाही, नवरा मारतो, सासू वांझ म्हणते, आणि हिला कारणच माहीत नाही! नऊ वर्षांची होते मी, साहेब. त्या सैनिकांनाही मी होकेच म्हणत होते."

मी माझ्या सत्तावीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा डॉक्टरांच्या आधी तोंड उघडलं. म्हटलं, "खूण मी केली होती, डॉक्टर. मला तिला परत विचारायचंय. मावशीकडून."

प्राचकांनी घड्याळ पाहिलं. आठ पंचवीस. "दहा मिनिटं," ते म्हणाले.

टामलाला वीस लागली. जेवलीस का, इथपासून सुरुवात केली. धोक्याचंही सांगितलं, काही लपवलं नाही. शेवटी म्हणाली, "आता तुझ्या तोंडाने सांग." पॉटूचं हसू केव्हाच गेलं होतं. ती हळूहळू बोलली आणि टामलाने एकेक वाक्य थायमध्ये आमच्यापुढे ठेवलं.

"माझा पहिला मुलगा तापाने गेला. एक मुलगी आहे. हे बाळ जगेल का मला माहीत नाही. ते बंद करू नका. धोका असला तरी पुढचं मी आणि माझा नवरा बघू. मी नाही म्हणतेय. मोठ्या माणसांना नाही म्हटलं म्हणून रागावू नका."

मी फॉर्म फाडला. नवा भरला. नऊ वाजून दहा मिनिटांनी पॉटूला आत नेलं आणि पावणेदहाला मुलगा झाला, रडका आणि धट्टाकट्टा. त्याची नाळ कापली.

टामला बाहेर बाकावर बसली होती. मी सांगितलं तर खूश होईल असं वाटलं. ती म्हणाली, "पुई, गेल्या तीन महिन्यांत असे किती कागद झाले?"

मला आकडा माहीत नव्हता. खरं सांगायचं तर मला तो शोधायचाही नव्हता. पण तिने माझ्यावरची नजर हटवली नाही, तेव्हा मी म्हटलं, "काढते सगळे."

दुपारी प्राचकांनी तिला बोलावलं आणि साक्षीदार म्हणून मलाही. एक बाई वाचली याबद्दल चकार शब्द नाही. वॉर्डात आरडाओरडा, वरिष्ठांचा अवमान, नेमून दिलेलं काम सोडणं, अशी यादी त्यांनी वाचली. थनवत कोपऱ्यात मान खाली घालून उभा होता. टामला दारातच उभी, गालात ताजं पान.

"यापुढे तू फक्त चादरींचं काम करशील. रुग्णांशी बोलायचं नाही. काही वाटलं तर आधी माझ्याकडे यायचं. समजलं?"

"होके, डॉक्टर," टामला म्हणाली.

"पुन्हा असं झालं तर नोकरी जाईल."

"होके, होके." मानही लववली.

प्राचकांचा चेहरा निवळला. "बघा," ते आम्हाला म्हणाले, "नीट सांगितलं की कळतं." त्यांनी रजिस्टरमध्ये लिहिलं, 'समज दिली. मान्य केले.' खाली साक्षीदाराच्या जागी माझी सही मागितली. मी थनवतकडे पाहिलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग खाली पाहिलं, आणि त्याचे कान लाल झाले. मी सही ठोकली.

बाहेर टामलाने आपली गाडी ढकलत नेली. चार नंबरच्या खाटेवर सकाळीच एक नवी बाई आली होती, पोट धरून बसलेली. टामला तिथे थांबली. खिशातून डबा काढला, त्याचा टक् आवाज झाला, आणि तिने त्या बाईला विचारलं, काही जेवलीस का.